मुलींच्या ८०० मीटरवरून तक्रारअर्ज फिरतोय, सही करावी का?

दुसरा_लॅप

नमस्कार मंडळी. इथं मी नुसता वाचणारा, आज विचारायची वेळ आली.

माझी मुलगी अकरावीत आहे, ८०० आणि १५०० पळते. आम्ही माण तालुक्यातले. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीची. २०१६ ला ती रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल पळाली, तेव्हापासून आमच्याकडं पहाटे रस्त्यावर पोरी पळताना दिसल्या तर कुणी थांबून बघत नाही. त्याआधी बघायचे.

परवा विभागीय शालेय स्पर्धा झाल्या. ८०० ला दुसऱ्या जिल्ह्यातली एक मुलगी पहिली आली. शेवटच्या लॅपची बेल वाजली तेव्हा पहिल्या पाचजणी घोळक्यातच होत्या, शेवटच्या दोनशेला ती जी सुटली ती सुटलीच. माझी चौथी. फिनिशजवळच्या जाळीपाशी आम्ही पालक उभे होतो, तिथंच सुरू झालं. आवाज ऐकला का, खांदे बघा, ओठावरची लव बघा, हा पोरगाच आहे. एका बाईंनी तर तिच्या सरांना तिच्यासमोरच विचारलं, "मुलगीच आहे ना हो ही?" ती खाली बसून स्पाईक्सच्या नाड्या सोडत होती. तिनं मान वर केली नाही, नाडीची सुटलेली गाठ परत बांधली आणि परत सोडायला लागली.

आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ज फिरतोय. 'सदर खेळाडूची लिंगचाचणी करण्यात यावी.' बऱ्याच जणांच्या सह्या झाल्यात. माझ्याकडं आग्रह जास्त, कारण माझ्या मुलीची निवड थोडक्यात हुकली. खरं सांगतो, एक मन म्हणतं कर सही. निवड, दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढं नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण, आमच्यासारख्या घरात हे सगळं मोजलं जातं.

नियम नक्की काय आहे? शाळेच्या पातळीवर अशी तक्रार चालते का? आणि हार्मोनमुळं खरंच फायदा होतो, की हे सगळं ऐकीव?

गोळाफेक्या

सही करा. एवढा विचार कसला करताय? पहाटे उठून पोरीबरोबर सायकल कोण हाणतं, तुम्हीच ना?

रिओची ८०० यूट्यूबवर बघा. दक्षिण आफ्रिकेची सेमेन्या, बुरुंडीची नियोनसाबा, केनियाची वाम्बुई, तिघी पोडियमवर. पुढं तिघीही हार्मोनच्या नियमात अडकल्या. चौथी आली कॅनडाची मेलिसा बिशप, १:५७.०२, तिच्या देशाचा विक्रम. जन्मात सगळ्यात भारी पळून हातात काय, तर भोपळा. तिच्यासाठी कुणी धागे काढत नाही.

चाचणी होऊ द्या. मुलगी निघाली तर तिच्याही मागची कटकट मिटली.

फक्कीवाल्या_बाई

सही करू नका.

मी निवृत्त पीटी शिक्षिका. मैदानावर पंच म्हणून स्टार्ट, फिनिश, कॉल रूम, सगळीकडं उभी राहिलेय. रबरी ट्रॅक आमच्या भागात यायच्या आधी पहाटे दोरी धरून मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारणाऱ्यांतली मी, म्हणून हे नाव. तेव्हा जरा सविस्तर बोलते.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. शालेय स्पर्धेत आम्ही काय तपासतो? जन्माचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, वयोगट. पालकांच्या अर्जावर एखाद्या पोरीची लिंगचाचणी करायचा अधिकार तिथल्या कुणालाही नाही. ज्या नियमांबद्दल आपण बोलतोय ते जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचे, आणि ते वरच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी. त्यांच्या २०१८ च्या नियमांतसुद्धा चौकशी सुरू करायची ती त्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं, सबळ कारण असेल तर, आणि गुप्तता पाळून. जाळीपाशी उभ्या असलेल्या पालकांनी ओठावरची लव मोजून नाही. (शालेय मैदानावरची खरी चोरी बघायची असेल तर वयाचे दाखले बघा. सतरा वर्षांखालच्या गटात दाढी करून आलेली मुलं मी पाहिलीत. त्यावर मात्र अर्ज येत नाहीत, कारण अर्ज करणाऱ्यांच्या घरातही तेच दाखले असतात.)

आता अशा चाचणीनं 'कटकट मिटते' का, ते बघू. गोळाफेक्या, तुम्ही रिओचं सांगितलंत, मी दोहाचं सांगते.

२००६ ची आशियाई स्पर्धा. ८०० मीटरला शांती सौंदराजनला रौप्य, २:०३.१६. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातलं कथक्कुरिची हे तिचं गाव, दलित घर, आईबाप वीटभट्टीवर. पदक मिळालं आणि लगेच तपासणीला नेलं. निकाल तिला कुणी समोर बसवून समजावून सांगितला नाही, घरी आल्यावर टीव्हीवर ऐकला. पदक परत घेतलं. दुसऱ्या वर्षी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. तमिळनाडू सरकारनं जाहीर केलेले पंधरा लाख मात्र तिला दिले, करुणानिधी मुख्यमंत्री होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. तरी २०१२ ला ती परत वीटभट्टीवर रोजानं काम करत होती. पुढं तिनं कोचिंगचा डिप्लोमा केला आणि २०१६ ला तिला कोच म्हणून कायमची नोकरी मिळाली. दहा वर्षं गेली मधे. तिनं एक गोळी खाल्ली नव्हती, एक कागद खोटा दिला नव्हता. आपल्या शरीरात काय आहे हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

आणि द्युती चंद. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातली, विणकराची मुलगी. २०१४ ला तैपेईत ज्युनियर आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून आली आणि तिच्या बांध्यावरून कुजबुज सुरू झाली. दिल्लीला बोलावलं, तिला वाटलं नेहमीची डोपिंगची तपासणी असेल, झाली ती सोनोग्राफी. ग्लासगोच्या राष्ट्रकुल संघातून नाव कापलं. तेव्हा नियम असा होता की बाईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन १० नॅनोमोलच्या वर असेल तर औषधानं किंवा ऑपरेशननं खाली आणा, नाहीतर घरी बसा. अठरा वर्षांची पोरगी, पण अडून बसली. खेळाडू बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या पायोष्णी मित्रा मदतीला उभ्या राहिल्या, टोरांटोच्या वकिलांनी फी न घेता केस लढवली, आणि जुलै २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं तो नियमच स्थगित केला. लवादाचं म्हणणं सरळ होतं. बाईमाणसापेक्षा पुरुष दहा-बारा टक्के पुढं असतो, म्हणून दोन गट. या मुलींना तेवढा फायदा मिळतो हे दाखवा. एखाद-दोन टक्क्यांचाच असेल, तर तेवढा फरक चांगला कोच, चांगलं खाणं यानंही पडतो. संघटनेला ते दाखवता आलं नाही.

द्युती पुढं रिओला गेली आणि हीटमध्येच ११.६९ पळून बाहेर पडली. २०१८ ला जकार्तात १०० ला ११.३२, २०० ला २३.२०, दोन रौप्यं. उत्तमच, पण जगातल्या पहिल्या फळीच्या बायका १०.७, १०.८ पळत होत्या. गडी बायकांत घुसला म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाई म्हणतायत फायदा वगैरे सगळं झूट. तसं मी म्हणत नाही. फायदा नसतोच म्हणणाऱ्या शहरी मंडळींशी माझं अजिबात पटत नाही. पाचवी-सहावीच्या वर्गाला मी एकत्र पळवायची, निम्म्या वेळा पोरीच पुढं. तीच पोरं नववीत आली की सराव न करणारासुद्धा माझ्या जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलीला गप्पा मारत मागं टाकायचा. मधल्या तीन वर्षांत काय झालं? पोरगा वयात आला. ८०० चा पुरुषांचा विक्रम रुडिशाचा १:४०.९१, बायकांचा १९८३ पासूनचा १:५३.२८, बारा सेकंदांहून जास्त फरक. मुलींचा गट वेगळा ठेवला नाही तर एकही मुलगी फायनलच्या स्टार्टला दिसणार नाही. त्यामुळं रेघ पाहिजेच. मी जन्मभर रेघाच मारल्या.

अडचण अशी की काही मुली अगदी त्या रेघेवर जन्माला येतात. सेमेन्याचा जो प्रकार कागदोपत्री पुढं आला आहे, त्यात गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे पुरुषांसारखी असतात, वृषणं पोटात असतात, पण एक विकर (एन्झाइम) कमी पडल्यामुळं बाळाचं बाहेरचं अंग मुलीसारखं दिसतं. दाई सांगते मुलगी झाली, घरचे बारसं करतात. वयात येताना पाळी येत नाही, आवाज फुटतो, अंग भरतं. टेस्टोस्टेरॉन पुरुषाइतकं बनतं आणि स्नायू ते वापरतात. म्हणजे फायदाही खरा, आणि पोरीनं फसवलं नाही हेही खरं. हे एकदम डोक्यात ठेवायला जमत नाही म्हणून लोक एक टोक पकडतात.

संघटनेनं २०१८ ला हार्मोनचा नवा नियम आणला, त्याविरुद्धची सेमेन्याची केस २०१९ मध्ये त्याच लवादापुढं आली. तीन पंच, दोन विरुद्ध एक. निकाल काय, तर नियम भेदभाव करणारा आहे, पण बायकांचा गट टिकवायला आवश्यक आहे. मला तो निकाल आवडला नाही, पण खोटा वाटला नाही. जे मला पटत नाही ते पुढचं, की गोळ्या खाऊन हार्मोन खाली आणा मग पळा. धडधाकट पोरीला पळायची परवानगी म्हणून आजारी पाडायचं! सेमेन्यानं २०१० ते २०१५ त्या गोळ्या घेतल्या. मळमळ, ताप, पोटदुखी, हे तिनंच सांगितलंय. युगांडाची धावपटू ॲनेट नेगेसा, तिच्यावर तर २०१२ मध्ये ऑपरेशन झालं, आणि आपल्या अंगातून नेमकं काय काढणार आहेत हे आपल्याला धड सांगितलंच नव्हतं, असं ती पुढं म्हणाली. तिची कारकीर्द तिथंच संपली. यापेक्षा सरळ सांगावं, की बाई, तुला या गटात पळता येणार नाही. ते कठोर होईल, पण निदान तिच्या अंगाला हात लागणार नाही.

म्हणून २०२५ पासून जी जनुकाची चाचणी आली आहे ती मला पूर्वीपेक्षा बरी वाटते. टोकियोच्या जागतिक स्पर्धेपासून मुलींच्या गटातल्या प्रत्येकीची, जन्मात एकदा, गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा रक्त घेऊन. प्रत्येकीची, हे महत्त्वाचं. 'ही पुरुषी दिसते' म्हणून एकीला रांगेतून बाहेर काढायचं नाही.

तर दुसरा लॅप भाऊ, तुमच्या अर्जातून नेमकं तेच होणार आहे. एकीला रांगेतून बाहेर काढणं. मुलीला घेऊन पुढच्या मोसमाची तयारी करा. चौथी आली ना, शेवटचे दोनशे सुधारा.

गोळाफेक्या

बाई, मान आहे तुमचा. पण रेघ हवी म्हणता आणि रेघेच्या कुठल्या बाजूला कोण, हे विचारायचं नाही म्हणता. बिशपला काय सांगायचं? थांब, अजून बारा वर्षांनी नियम येईल?

आणि द्युतीचं एवढं कौतुक करताय, तिच्यावर पुढं डोपिंगची चार वर्षांची बंदी आली, ते नाही सांगितलंत.

फक्कीवाल्या_बाई

आली. २०२२ च्या डिसेंबरातले नमुने, स्नायू वाढवायची औषधं सापडली, बंदी रास्त. तो वेगळा गुन्हा आणि त्याची शिक्षा वेगळी. त्यावरून आठ वर्षांपूर्वी तिला न सांगता केलेली सोनोग्राफी योग्य ठरत नाही.

बिशपचं म्हणाल तर तिच्यावर अन्याय झाला असं मलाही वाटतं. पण तो सेमेन्यानं केला नाही. २००९ ला बर्लिनमध्ये सेमेन्या अठरा वर्षांची होती, १:५५.४५ पळली, आणि फायनलच्या दिवशीच तिच्या तपासणीची बातमी जगभर गेली. तिथून नियम कधी आणायचा, कधी उठवायचा, कधी बदलायचा, हा खेळ संघटनेनं खेळला. त्यात बिशपही भरडली आणि सेमेन्याही.

ओपीडी_संपली

बाईंचा प्रतिसाद वाचून लॉगइन केलं. मी डॉक्टर, अंतःस्रावी ग्रंथींच्या विभागात काम करतो, अशी मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील समोर बसलेले असतात. दोन-तीन गोष्टी सांगतो.

जनुक चाचणीबद्दल बाईंइतका मी खूश नाही. ज्या एसआरवाय जनुकाची ती चाचणी आहे, ते पोटातल्या बाळात वृषण बनायला सुरुवात करून देणारं जनुक. ते आहे म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनतंय, आणि बनलेलं शरीर वापरतंय, असं दरवेळी होत नाही. एका प्रकारात टेस्टोस्टेरॉन भरपूर असतं, पण पेशींना त्याची भाषाच कळत नाही. त्या मुली बाहेरून पूर्ण मुलीच, अंगावर केस विरळ, फायदा शून्य. स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो अशीच. १९८५ ला कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेत गुणसूत्र चाचणीत अडकली, संघातून गेली, शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं. तीन वर्षं भांडली तेव्हा परत घेतलं. आताच्या नियमात या प्रकाराला सूट आहे हे खरं, पण ती सूट सिद्ध करायची कुणी? त्या मुलीनंच, पुढच्या सगळ्या तपासण्या करून.

आणि हे सगळं एकदा करून झालंय. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३३८७ मुलींची तपासणी झाली, आठजणींत हे जनुक सापडलं, आणि आठहीजणींना खेळू दिलं. सातजणींना हार्मोनची असंवेदनशीलता, म्हणजे वर सांगितलेली ती भाषा न कळण्याची अडचण होती, काहींना पूर्ण, काहींना अर्धवट. १९९९ ला ऑलिम्पिक समितीनं सरसकट चाचण्या बंद केल्या. हे जनुक १९९० मध्ये ज्यांनी शोधलं ते ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सिंक्लेअर स्वतःच २०२५ मध्ये म्हणाले की याचा असा वापर करू नका.

दुसरं, फायद्याचा पुरावा. संघटनेनं २०१८ चा नियम ज्या अभ्यासावर आणला तो २०१७ चा, त्यांच्याच डॉक्टरांचा. २०११ आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धांतल्या मुलींचं टेस्टोस्टेरॉन आणि त्यांची कामगिरी ताडून पाहिली. सगळ्यात जास्त टेस्टोस्टेरॉन असलेला गट सगळ्यात कमी असलेल्या गटाच्या किती पुढं? हातोडाफेकीत ४.५३ टक्के, पोल व्हॉल्टमध्ये २.९४, ४०० हर्डल्सला २.७८, ४०० ला २.७३, ८०० ला १.७८. आता नियम कुठल्या प्रकारांना लावला? ४०० पासून एक मैलापर्यंतच्या शर्यतींना. यादीत पहिले दोन असलेले हातोडा आणि पोल व्हॉल्ट वगळले, आणि या यादीत नसलेले १५०० आणि मैल घेतले. बाहेरच्या अभ्यासकांनी मूळ आकडे मागून पाहिले तर त्यात चुका निघाल्या. २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापून आली, की हा अभ्यास प्राथमिक स्वरूपाचा होता आणि त्यातली काही विधानं दिशाभूल करणारी ठरू शकतात. तोवर टोकियो ऑलिम्पिक होऊन गेलं होतं. नामिबियाच्या क्रिस्टीन म्बोमाला ४०० ला बंदी, कारण टेस्टोस्टेरॉन जास्त. २०० ला परवानगी. तिनं २०० ला रौप्य मिळवलं, २१.८१. म्हणजे शरीर तेच, हार्मोन तेच, फक्त लॅप अर्धा केला की न्याय्य!

२०२३ ला ही विसंगती काढली आणि मर्यादा २.५ नॅनोमोल करून सगळ्या प्रकारांना लावली. बायकांत टेस्टोस्टेरॉन साधारण दोनच्या आत असतं, पुरुषांत सात-आठपासून तिशीपर्यंत. मधे मोठी पोकळी आहे हे मान्य. त्यामुळं ज्या प्रकाराबद्दल बाई बोलल्या, त्यात फायदा असणार असं डॉक्टर म्हणून मलाही वाटतं. माझं भांडण आधी नियम ठरवून मग त्याला पुरावा शोधण्याशी आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानंही सेमेन्याच्या बाजूनं एवढंच म्हटलं, की लवादाच्या निकालावरचं अपील ऐकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या न्यायालयानं तिचं म्हणणं पुरेसं खोलात जाऊन तपासलं नाही. नियम बरोबर की चूक, त्यात ते शिरले नाहीत.

तिसरं, घरातलं. हा विषय फक्त ऑलिम्पिकचा नाही. आपल्याकडं पोलीस भरतीत मुलींना हेच ८०० मीटर पळावं लागतं, आणि त्यानंतर असते वैद्यकीय तपासणी. नाशिकच्या भरतीत एक मुलगी लेखी, मैदानी, सगळं पास झाली आणि गुणसूत्रांच्या अहवालात 'पुरुष' म्हणून बाहेर पडली. मुलींचं मैदान दिलं म्हणून बाद, मुलग्यांचं दिलं नाही म्हणूनही बाद. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२२ मध्ये न्यायालयाच्या सांगण्यावरून सरकारनं तिला पोलीस खात्यातच, शिपाई सोडून दुसऱ्या पदावर घ्यायची तयारी दाखवली. तिनं आयुष्य मुलगी म्हणून काढलं, तिची चूक काय, असा न्यायालयाचा रोख होता. तिलाही शरीरातलं हे सगळं भरतीच्या कागदावरून कळलं.

माझ्या टेबलासमोर हेच सांगायला मी पाऊण तास घेतो. आईला आधी वेगळं बसवतो, मग मुलीला, मग दोघींना. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी आईचा असतो, "माझ्या पोटात असताना माझं काही चुकलं का?" खेळाची संघटना हा पाऊण तास कुठून देणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. टोकियोच्या जागतिक स्पर्धेच्या वेळी त्यांनी प्रत्येक चाचणीमागं शंभर डॉलरपर्यंत देऊ केले. ते बोळ्याचे झाले.

फक्कीवाल्या_बाई

डॉक्टर, हातोड्याचं वाचून हसू आलं. हातोडा फेकणाऱ्या मुली कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, टीव्हीवर दाखवतच नाहीत ना.

तुमचं पाऊण तासाचं म्हणणं मला मान्य. पण सरसकट चाचणी नको म्हणाल तर आमच्या हातात काय उरतं? डोळे. आणि मैदानावरचे डोळे मी पाहिलेत. सावळी, सपाट छातीची, केस बारीक कापलेली, आवाज भरलेला, अशी कुठलीही पोरगी जिंकली की कुजबुज होतेच. गोरीपान वेणीवाली जिंकली की म्हणतात किती गुणी. शांती, द्युती, सेमेन्या, म्बोमा, नेगेसा, नावं बघा एकदा. यातली एक तरी पैसेवाल्या घरची, गोऱ्या कातडीची आहे का? तुमच्या बोळ्याला निदान वेणी दिसत नाही. म्हणून मी म्हणते, बोळा परवडला, पण आंतरराष्ट्रीय पातळीवर पोचलेल्या सज्ञान खेळाडूंसाठी, आणि सोबत तुमच्यासारखं कुणी बसलेलं असेल तर. शाळेच्या पोरींना यातलं काहीही लागू करायचं नाही. तिथं मुलगी म्हणून दाखला आहे ना, मग पळू दे. त्या वयात हरणाऱ्या पोरीचं फार तर एक पदक जातं.

ओपीडी_संपली

शाळेचं शंभर टक्के मान्य. सरसकट चाचणीचं अजूनही नाही. पण वर वेणीबद्दल जे लिहिलंत त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

गोळाफेक्या

'फार तर एक पदक' हे ज्याचं जातं त्याला विचारा. बाकी अर्जाचं म्हणाल तर ठीक, शाळेत नको. जिल्ह्याच्या हापिसात ती फाईल कुणाकुणाच्या टेबलावरून फिरेल ते मला माहीत आहे. पण मोठ्या स्पर्धेला नियम कडकच हवा, आणि शर्यतीच्या आधी हवा. पोडियमवर चढवून मग खाली उतरवणं मलाही नको आहे.

दुसरा_लॅप

सगळ्यांचे आभार. मी सही केली नाही. ग्रुपवर तसं लिहिलं तर दोघांनी 'तुम्हाला काय, तुमची चौथीच आली' असं सुनावलं. अर्ज गेलाच, बाकीच्यांच्या सह्यांनी.

मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, ती बेलनंतर माझ्या पुढं होती तेव्हा मी तिच्या पाठीमागंच पळत होते, मला बाहेरच्या लेनला यायला उशीर झाला." तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्या दोघी इन्स्टाग्रामवर एकमेकींना फॉलो करतात हेही मला आता कळलं.

त्या मुलीचे सर माझ्या ओळखीचे निघाले, लग्नात भेटले होते. फोन करून अर्जाचं त्यांच्या कानावर घालू का? की आगीत तेल होईल? तेव्हा सरच म्हणत होते, तिकडं कुणीतरी 'एकदा सोनोग्राफी करून टाका म्हणजे तोंडं बंद होतील' असा सल्ला दिलाय आणि तिचे वडील तयार आहेत. वीटभट्टीवर नाहीत, पण ऊसतोडीला जातात.

फक्कीवाल्या_बाई

आजच फोन करा. आणि एवढं नक्की सांगा: तोंडी सांगण्यावरून कुठलीही तपासणी करायची नाही. कुणीही आलं, अधिकारी असो की संघटनेचा माणूस, तर लेखी मागायचं, कुठल्या नियमाखाली, कुणाच्या सहीनं. असा कागद निघणार नाही, कारण तसा नियमच शाळेला नाही. गावातल्या सोनोग्राफी सेंटरला तर मुळीच जायचं नाही, तिथला रिपोर्ट संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर असतो.

पाळी वेळेवर येत नसेल किंवा आलीच नसेल तर ती वेगळी गोष्ट. ते दुखणं म्हणून दाखवायचं, आई सोबत, मोठ्या सरकारी रुग्णालयात. खेळाचं नावही काढायचं नाही आणि रिपोर्ट सरांकडं ठेवायचा नाही, आईकडं ठेवायचा. डॉक्टर, कुठल्या विभागात जायचं ते तुम्ही त्यांना निरोपातून कळवा, इथं उघड्यावर नको. ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या आसपास हलते, त्याआधी झालं पाहिजे, नंतर आई हाती लागणार नाही.